व्हिपल रोग पोटाचा असेल, तर सांधे का दुखतात?

आपल्या मामांचे सांधे कित्येक वर्षांपासून दुखत आहेत, आता जुलाब सुरू होऊन वजनही उतरले आहे आणि डॉक्टरांनी व्हिपल रोगाची शंका घेतली आहे, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णापेक्षा त्याच्या आतड्याचा तुकडाच माझ्यासमोर अधिक येतो, त्या बेताने हे उत्तर वाचावे.

हा रोग घडवणारा 'ट्रॉफेरिमा व्हिपलेई' हा जिवाणू लहान आतड्यात ठाण मांडतो, पण तेथेच थांबत नाही; तो सांध्यांपर्यंतही पोहोचतो. सांधेदुखी बहुधा जुलाबांच्या काही वर्षे आधीच सुरू होते. गुडघे, घोटे, मनगटे आलटूनपालटून दुखतात आणि आपोआप थांबतात. रक्तातील आरए फॅक्टर (संधिवाताच्या निदानासाठी पाहिला जाणारा घटक) बहुतेक वेळा निगेटिव्ह येतो. तरीही संधिवात समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात आणि त्यानंतर रोग उफाळतो. मामांच्या बाबतीत हाच क्रम घडला आहे का, ते अवश्य तपासावे.

बारीक ताप, काळवंडणारी त्वचा, सुजलेल्या लसीका ग्रंथी हीदेखील लक्षणे आहेत. क्वचित हृदयाच्या झडपेलाही संसर्ग होतो. मेंदूत शिरकाव झाल्यास स्मरणशक्ती ढासळते आणि नजर वर-खाली वळवणे जड जाते. सर्वांत विलक्षण लक्षण असे, की दोन्ही बुबुळे साधारण सेकंदाला एकदा नाकाकडे वळून पुन्हा बाजूला सरकतात, त्याच ठेक्यात जबडा हलतो आणि हे झोपेतही चालू राहते. ते फार थोड्यांत दिसते, पण दिसले तर निदान जवळजवळ पक्के.

निदानासाठी एंडोस्कोपीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अनेक तुकडे घेतात. पीएएस हा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठीचा विशेष रंग दिल्यावर फुगलेल्या पेशी गर्द किरमिजी कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे क्षयाच्या जंतूंसाठीचा वेगळा रंग आणि शक्य तेथे पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) हवेच. उपचारात सहसा दोन आठवडे सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने आणि नंतर सुमारे वर्षभर को-ट्रायमॉक्साझोल या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात. जुलाब लवकर थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत, कारण रोग उलटला तर मेंदूत उलटण्याची भीती असते.

बायोप्सीच्या फॉर्मवर बहुधा 'जुलाब, वजन घट' एवढेच लिहिलेले येते. त्यावर जुनी सांधेदुखी आणि व्हिपलची शंका हे दोन्ही लिहिले आहे ना, याची खात्री आपण स्वतः करून घ्यावी; एरवी पीएएसचा रंग प्रत्येक तुकड्याला दिला जाईलच असे नाही.