डिसेंबरात साल्हेरवर मुक्काम करायचाय. परशुराम शिखरावर तंबू लावता येईल का?

शिखरावर तंबू लावू नका. मुक्काम करायचाच तर खालच्या गुहांमध्ये करा आणि पहाटे परशुराम मंदिरापर्यंत चढून या. साल्हेर १५६७ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. माथ्यावरचं टोक चहूबाजूंनी उघडं आहे, आडोसा म्हणाल तर ते चिमुकलं मंदिरच. नाशिक जिल्ह्यातल्या या बागलाण भागातली थंडी आणि त्यात हा वारा, तंबूचे खुंटे खडकाळ जमिनीत धरत नाहीत आणि रात्रभर कापड फडफडत राहतं. झोप विसरा. गंगासागर तलावाच्या बाजूच्या गुहांमध्ये वारा बराच अडतो.

सटाणा-ताहाराबाद-मुल्हेरमार्गे साल्हेरवाडीला या, तिथून चढा. दुसरी, वाघांबे गावातून येणारी वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीतून जाते. सालोटाही करायचा असेल तर ती सोयीची. मात्र पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि कड्यालगतची आडवी वाट आहे, तिथे जोराच्या वाऱ्यात मोठी सॅक पाठीवर असली की तोल जातो. सॅकला बाहेरून मॅट लटकवू नका, ती शिडासारखी वारा धरते. वारं अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवीच. तलावाचं पाणी उकळून प्या. अंधारात उतरू नका.

फक्त एक: २०२५ पासून साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे गडावर रात्री राहू देतात का हे निघण्याआधी पक्कं विचारून घ्या. देत नसतील तर गावात राहून पहाटे लवकर निघालात तरी एका दिवसात गड आरामात होतो.