माझा भाऊ गे आहे आणि शिकायला अमेरिकेला चाललाय. त्याने डॉर्ममध्ये मुलामुलींची एकत्र रूम घ्यावी का? ते सुरक्षित असतं का?

ताई, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की भावाचं फक्त तुम्हाला माहितीये, हाउसिंगच्या फॉर्मवर 'जेंडर इन्क्लुझिव' असा पर्याय आहे आणि आईबाबांनी तो बघितला तर मुलीबरोबर एका खोलीत म्हणून घर डोक्यावर घेतील. आमच्या घरी हे अगदी असंच झालंय म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर देतो. बिल्डिंग को-एड आहे की नाही याने त्याला काडीचा फरक पडणार नाही. तिकडचे बहुतेक डॉर्म तसे को-एडच असतात, एकाच मजल्यावर मुलं-मुली दोन्ही, पण रूम देताना मुलाला मुलगाच देतात. आणि गे मुलाला त्रास होतो तो मजल्यावर कमी, रूमच्या आत जास्त. दार लागल्यावर आत कोण आहे हे महत्त्वाचं. जेंडर इन्क्लुझिव रूममध्ये सहसा आपला रूममेट आपण ठरवून जातो, मुलगा असो नाहीतर मुलगी, आणि माझ्या मते तीच खरी सुरक्षितता आहे, बाकी कार्ड टाकून उघडणारी दारं आणि कॅमेरे बाहेरच्यांसाठी.

तिकडे पहिल्या वर्षी मला युनिव्हर्सिटीने जुळवून दिलेला रूममेट मिळाला. सुरुवातीला बरा होता, एकत्र जेवायलाही जायचो. मग त्याला मी गे असल्याचं कळलं. मी लपवत नव्हतो आणि सांगत पण फिरत नव्हतो. मारहाण वगैरे काही नाही, एकदा अंगाला हात लावला नाही त्याने. फक्त स्वतःच्या बेडच्या कडेने दोरी बांधून चादर टाकली. दारावरच्या व्हाइटबोर्डवर माझ्या नावाखाली काहीतरी लिहिलेलं असायचं, मी पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत. आणि एका रात्री मी झोपेत असताना माझा फोटो काढून मजल्याच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'बघा, माझ्याकडे तोंड करून झोपतो'. लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले, त्यात मी रोज ज्यांच्याबरोबर लॅबला जायचो ते पण होते. तिथून पुढे मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो, मान अवघडली तरी कूस बदलायची नाही.

आरएकडे, म्हणजे मजला सांभाळणाऱ्या सीनिअर विद्यार्थ्याकडे गेलो तर त्याने 'रूममेट ऍग्रीमेंट'चा फॉर्म काढला. त्यात लाइट किती वाजता बंद करायचा, पाहुणे कधी आणायचे, फ्रिजमधलं कुणी कुणाचं खायचं याचे रकाने. आम्हाला समोरासमोर बसवलं आणि म्हणाला दोघांनीही थोडं थोडं ऍडजस्ट करा. मी काय ऍडजस्ट करणार होतो? हाउसिंग ऑफिसात गेलो तर तिथे म्हणाले सेमिस्टरच्या सुरुवातीला रूम बदलायला बंदी असते, थांबा. शेवटी हलवलं ते मला, कॅम्पसच्या पार दुसऱ्या टोकाला. तो तिथेच राहिला, त्याच रूममध्ये, खिडकीजवळच्या बेडवर.

दुसऱ्या वर्षी मी आणि मजल्यावरच्या एका मैत्रिणीने मिळून जेंडर इन्क्लुझिव रूम घेतली. ती मेकॅनिकलची, पहाटे अंधारात प्रॅक्टिसला जायची, बूट हातात घेऊन दाराबाहेर जाऊन घालायची म्हणजे मला जाग येऊ नये. कपडे बदलायचे बाथरूममध्ये, एवढा एकच नियम आमच्यात ठरला होता. वर्षभर मी हव्या त्या कुशीवर झोपलो.

आता घरचं. काकांना कळल्यावर आधी म्हणाले घराण्याची लाज काढली, परक्या मुलीबरोबर एका खोलीत राहतोय. मी गे आहे हे समजल्यावर तेच काका बाबांना म्हणाले राहू दे मग, मुलीच्या संगतीत सुधारेल. आणि अजूनही चार लोक जमले की त्यांचं एकच पालुपद, पहिल्याच रूममध्ये गप्प राहिला असता तर काही झालं नसतं, रूम सोडणं म्हणजे पळपुटेपणा. त्यांना मी दरवेळी रटगर्सचं सांगतो. न्यू जर्सीतली रटगर्स युनिव्हर्सिटी, २०१० चा सप्टेंबर, टायलर क्लेमेंटी, १८ वर्षांचा, नुकताच पहिल्या वर्षाला आलेला. एका पुरुषाबरोबर तो रूममध्ये असताना रूममेटने वेबकॅमवरून बघितलं आणि ट्विटरवर लिहिलं. टायलर गप्प बसला नव्हता, त्याने आरएला सांगितलं, रूम बदलून मागितली. २२ सप्टेंबरला त्याने जीव दिला, डॉर्ममध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. रटगर्सने जेंडर न्यूट्रल, म्हणजे अशाच मुलगा-मुलगी चालणाऱ्या रूम सुरू केल्या त्या पुढच्या वर्षी, २०११ मध्ये. तेव्हा रूम बदलून मागण्याला कुणी पळपुटेपणा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मागितली की त्याच दिवशी मिळाली पाहिजे, आणि हलायचं असेल तर त्रास देणाऱ्याने हलावं.

म्हणून भावाला कॉलेजला ईमेल करायला सांगा आणि नेमकं विचारायला लावा: रूममेटने त्रास दिला तर किती तासांत दुसरी जागा देता, ती सुरुवातीची बंदी तेव्हाही लागू असते का, आणि हलवता कुणाला. उत्तर गोलमोल आलं तर समजून जायचं. दुसरं, क्लेरी ऍक्टखाली केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल काढावा लागतो. १९८६ मध्ये जीन क्लेरी नावाच्या मुलीवर तिच्याच डॉर्मच्या रूममध्ये बलात्कार करून खून झाला, तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये हा कायदा आला. त्या अहवालात डॉर्ममधले गुन्हे वेगळे दाखवतात आणि लैंगिकतेच्या द्वेषातून झालेले पण वेगळे मोजतात. फक्त आकडा शून्य दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, माझा फोटो कुठल्याच रकान्यात आला नसणार. कॅम्पस प्राइड इंडेक्सवर, म्हणजे गे वगैरे विद्यार्थ्यांसाठी कॉलेज कसं आहे ते सांगणाऱ्या यादीवर पण कॉलेज शोधा, त्यात हाउसिंगचा वेगळा भाग असतो. आणि राज्य बघा, नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या बोर्डाने २०१३ मध्ये अशा रूमवर सरसकट बंदी घातली होती, म्हणजे कॉलेजची इच्छा असूनही वरून 'नाही' येऊ शकतं.

आईबाबांचं म्हणाल तर कॉलेजच्या रेकॉर्डवर हक्क विद्यार्थ्याचा असतो, फर्पा नावाचा कायदा आहे. पण पोर्टलचा पासवर्ड घरी असेल तर कायदा काय करणार, तेव्हा पासवर्ड त्याच्याकडेच राहू द्या. पर्याय निवडला म्हणजे गे असल्याचं जाहीर केलं असं काही नसतं, भावंडं, मित्रमैत्रिणी सगळेच घेतात. घरी विचारलं तर ओळखीतल्या कुणाबरोबर तरी राहतोय एवढंच सांगा, बाकी कधी सांगायचं ते त्याचं तो ठरवेल. तुम्हीसुद्धा परस्पर सांगू नका.

हां, काही गोष्टी राहिल्या. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाला हा पर्याय नसतो, तुमच्याकडे फॉर्मवर आलाय म्हणजे नशीब. सिंगल रूम परवडत असेल तर ती पण चांगली, पण महाग पडते आणि नवीन देशात एकटेपणा फार येतो. बॉयफ्रेंडबरोबर रूम घेऊ नये, भांडण झालं तर जायचं कुठे. मी हे गे मुलाबद्दल लिहिलंय, लेस्बियन किंवा ट्रान्स विद्यार्थ्यांचं गणित वेगळं, ते त्यांनीच सांगावं. आणि सगळे स्ट्रेट मुलगे तसले नसतात, शेवटच्या वर्षीचा माझा रूममेट स्ट्रेटच होता आणि आजही भाऊ मानतो त्याला. फरक एवढाच की त्याला मी निवडला होता. रूममेट रिक्वेस्टची मुदत फॉर्मच्या मुदतीच्या आधी संपू शकते, ती तारीख आजच बघून घ्या, आणि नाव भरायच्या आधी त्या मुलाशी किंवा मुलीशी भावाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, तुमच्या काका-मामांना नाही.