माणूस पुरुष आहे की स्त्री, हे नेमकं कशावरून ठरतं?

तुमच्या मित्राचं म्हणणं तुम्ही प्रश्नाखाली दिलंय: ‘एक्सएक्स म्हणजे बाई, एक्सवाय म्हणजे पुरुष, विषय संपला.’ आणि तुम्हाला विचारायचंय, की खरंच एवढंच आहे का, की शरीर, संस्कार, मन यांचाही त्यात वाटा असतो. मी गुणसूत्रांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे एक्स आणि वाय रोज नजरेखालून जातात. मित्राचं वाक्य बहुतेक माणसांना चपखल लागू पडतं. माझी हरकत आहे ती ‘विषय संपला’ला.

आधी ही तपासणी होते कशी ते सांगते. रक्ताचा नमुना आला की त्यातल्या पांढऱ्या पेशी तीनेक दिवस उबेत वाढवायच्या. पेशी विभागायला लागल्या की त्यात कोल्चिसिन घालून त्यांना ऐन मध्यात अडवायचं, पातळ क्षारद्रावणात फुगवायचं आणि स्लाइडवर थेंब सोडायचा. जिम्सा रंग चढला की गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली वीसेक पेशींतली गुणसूत्रं मोजायची, जोड्या लावायच्या. एक्स चांगलं ऐसपैस असतं. वाय मात्र बुटकं. नवशिक्याला ते एकविसाव्या-बाविसाव्या जोडीच्या घोळक्यातून वेगळं काढताना घाम फुटतो. शेवटी रिपोर्टवर एक ओळ लिहायची: ४६, एक्सवाय. म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रं, त्यात एक एक्स आणि एक वाय.

आणि कधीतरी त्या ओळीच्या वर नाव असतं मुलीचं. वय सोळा-सतरा, पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. असं झालं की आम्ही पहिल्यांदा नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना हे बघतो आणि दुसरा नमुना मागवतो. त्यातही वायच निघतं. या अवस्थेत पोटात वृषण असतात, ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतातही, पण शरीरातल्या पेशींना ते ‘ऐकू’च येत नाही, कारण ते ओळखणारा पेशीतला ग्राही (रिसेप्टर) बिघडलेला असतो. मग बाहेरचं शरीर पूर्णपणे मुलीचं घडतं. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक होतं आणि स्तनही वाढतात. गर्भाशय मात्र नसतं, कारण ते बनू न देणारं दुसरं संप्रेरक वृषणांनी गर्भातच सोडलेलं असतं आणि त्याचा हुकूम शरीराने पाळलेला असतो. ग्राही पूर्णच निकामी असेल, त्या ‘पूर्ण प्रकारात’ ही मुलगी मुलगी म्हणूनच वाढते आणि बहुतेक वेळा स्वतःला मुलगीच समजते. तुमच्या मित्राच्या नियमाने ती पुरुष. समोर बसवली तर तो स्वतःसुद्धा तसं म्हणणार नाही.

उलटंही होतं. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेला दाढीमिशीवाला माणूस, आणि रिपोर्ट ४६, एक्सएक्स. साधारण २०,००० पुरुषांत एखादा असा असतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच: वायवरचं एसआरवाय नावाचं जनुक वडिलांचे शुक्राणू बनताना उडी मारून एक्सवर जाऊन बसलेलं असतं. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांना सापडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते एक्सएक्स उंदरांच्या भ्रूणात घातलं, आणि त्यातल्या काहींना वृषण येऊन ते नर म्हणून वाढले. म्हणजे अख्ख्या वायचा दबदबा प्रत्यक्षात या एका जनुकाच्या जोरावर आहे. आणि तेही काय करतं, तर सुरुवातीचा धक्का देतं; पुढचं काम इतर जनुकं आणि संप्रेरकं करतात.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी दिसायला सारखेच. दोघांतही दोन्ही प्रकारच्या नलिका तयार असतात, गर्भाशय होऊ शकेल अशी एक जोडी आणि शुक्रवाहिनी होऊ शकेल अशी एक. १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्ट यांनी सशांच्या गर्भातली, पुढे वृषण किंवा अंडाशय होणारी ग्रंथी नर-मादी फरक सुरू व्हायच्या आधीच काढून टाकली. सगळी पिल्लं शरीराने मादीच्या वळणाने वाढली, गुणसूत्रं कोणतीही असोत. म्हणजे वृषण बोलले तर एक वाट, गप्प बसले तर दुसरी. (अंडाशय तयार व्हायला मात्र त्याची स्वतःची जनुकं लागतात, म्हणून ‘काहीच झालं नाही की बाई’ असं कोणी म्हणालं तर तेही अर्धवट.)

मग जीवशास्त्रात नर-मादीची पक्की व्याख्या नाहीच का? आहे, आणि चांगली भक्कम आहे. मोठी, साठा भरलेली बीजपेशी बनवणारी ती मादी, लहान आणि हलती पेशी बनवणारा तो नर. माणसाचं बीजांड मिलिमीटरचा दहावा भाग असतं, नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखं दिसतं. शुक्राणूचं डोकं त्याच्या विसाव्या भागाएवढंही लांब नसतं. ही व्याख्या गुणसूत्रांच्या भानगडीत पडत नाही, म्हणून ती सगळीकडे चालते. पक्ष्यांत दोन सारखी गुणसूत्रं नराला असतात, मादीला वेगवेगळी. मगरीच्या अंड्यातून नर येणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. क्लाउनफिश तर आधी नर असतो आणि वरची मादी मेली की स्वतः मादी होतो. तिसऱ्या प्रकारची बीजपेशी कुठेच नाही. त्यामुळे ‘नर-मादी असं काही नसतंच, सगळा रंगपट आहे’ हेही मला पटत नाही.

पण ही व्याख्या केली गेली प्रजननाचा हिशेब लावायला. समोरच्या माणसाला काय म्हणायचं, हे ठरवणं तिचं काम नव्हतं. पाळी गेलेली बाई बीजांड बनवत नाही, लहान मुलगा शुक्राणू बनवत नाही, तरी त्यांच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. यावर उत्तर देतात, की शरीराची घडण कोणत्या दिशेची आहे ते बघा. ठीक, बहुतेक सगळे त्यात बसतात. पण वर सांगितलेल्या मुलीची ग्रंथी एका दिशेची आणि बाकी सगळं शरीर दुसऱ्या दिशेचं. तिथे कुठलंही एक माप लावलं तरी काहीतरी बाहेर राहतंच.

आणि माप हट्टाने लावलं की काय होतं ते खेळांत दिसलंय. ऑलिम्पिकमध्ये १९६८ पासून महिला खेळाडूंच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून गुणसूत्रं तपासत. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो १९८५ मध्ये जपानच्या कोबे शहरात जागतिक विद्यापीठ स्पर्धेला गेली आणि या तपासणीत अडकली: एक्सवाय. पायाला दुखापत झाल्याचं नाटक कर, असा सल्ला तिला मिळाला. काही महिन्यांनी ती देशातल्या स्पर्धेत धावली, तेव्हा बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं, तिचे विक्रम पुसले गेले. गंमत बघा: तिच्या पेशींना टेस्टोस्टेरॉन ओळखताच येत नव्हतं, म्हणजे स्नायूंना त्याचा जो फायदा मिळतो तो तिला सर्वसाधारण बाईपेक्षाही कमी. ती भांडली आणि १९८८ मध्ये तिला परत घेतलं. १९९२ च्या ऑलिम्पिकची पात्रता तिची सेकंदाच्या एक दशांशाने हुकली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ जणींपैकी ८ जणींचा निकाल ‘वाय’कडे झुकला, आणि आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ही सरसकट तपासणी बंद झाली. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी एसआरवाय चाचणी सुरू केली आहे. पातिन्योसारख्या पूर्ण प्रकाराला त्यात सूट आहे. मला विचाराल तर ही सूट हेच सांगते, की तिथला खरा प्रश्न शरीर पुरुषाच्या पौगंडातून गेलंय का, हा आहे. तो प्रश्न रास्त आहे, महिला गट त्यासाठीच असतो. पण त्याचं उत्तर खेळाच्या मैदानापुरतं.

आता मन. ‘सगळं संस्कारांवर असतं’ म्हणणाऱ्यांना डेव्हिड रायमरचं उदाहरण ठाऊक हवं. कॅनडातल्या जुळ्या मुलांपैकी हा एक. १९६६ मध्ये सुंता करताना त्याचं शिश्न जळालं. मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं, आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं पुस्तकांतून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते पोर झगे फाडायचं, भांडायचं. चौदाव्या वर्षी आईवडिलांनी खरं सांगितल्यावर ते मुलगा म्हणून जगू लागलं. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. नुसतं वाढवून मुलगी घडवता येत नाही, एवढं यातून नक्की दिसतं. उलट बाजूने ट्रान्स माणसं आहेत, ज्यांची गुणसूत्रं, ग्रंथी, शरीर सगळं एका रांगेत असतं आणि स्वतःची ओळख मात्र दुसरी. ती सांगणारी रक्ताची चाचणी नाही, मेंदूच्या स्कॅनवर दाखवता येईल अशी खूणही नाही. ते त्या माणसाकडूनच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत याला मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं.

 

न्यायालयंही एका सुरात बोलत नाहीत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला म्हटलं, की आपली ओळख पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ ला म्हटलं, की त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. लोक हे दोन निकाल एकमेकांवर फेकून मारतात. पण एकापुढे माणसाच्या ओळखीचा आणि हक्कांचा प्रश्न होता, दुसऱ्यापुढे एका विशिष्ट कायद्यातल्या शब्दाचा.

म्हणून मित्राला उलट विचारा: व्याख्या हवीय कशाला? अपत्याचा हिशेब, शर्यत, कायदा, की समोरच्याला हाक मारायची आहे? उत्तर प्रत्येक ठिकाणी थोडं सरकतं, आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत सगळी उत्तरं एकाच बाजूला पडत असल्यामुळे ते जाणवत नाही. रुग्णालयात मात्र जाणवतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची आठवण संगणक ‘स्त्री’ची खूण बघून पाठवत असेल, तर पुरुष म्हणून नोंद झालेला आणि गर्भाशयमुख शाबूत असलेला ट्रान्स पुरुष त्यातून सुटतो, आणि गर्भाशयच नसलेल्या आमच्या त्या एक्सवाय मुलीला पुढे उगाच बोलावणं येतं. फॉर्मवर ‘गर्भाशयमुख आहे का?’ एवढं विचारलं तर दोघांचंही काम होतं.