सही करून मोकळं होण्याआधी

"मी साताऱ्याला माहेरी, नवरा पुण्यात. 8 वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आहे. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात टाकलाय. नवरा म्हणतो, मुलगा तुझ्याकडे ठेव, पण त्याच्यासाठी एक पैसा मागायचा नाही. भाऊ म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. तीन महिने पैसे आले नाहीत म्हणून मी भेटी बंद केल्या. न्यायाधीश मुलालाही विचारतात म्हणे. त्याला पढवून ठेवू का?" — एक आई

ताई, तारखांना माणूस विटतो, त्यामुळे भाऊ असं का म्हणतो ते कळतं. पण तुम्ही सोडायचीच तर स्वतःची पोटगी सोडू शकता. मुलाची नाही, ती तुमची नव्हेच. तसं लिहून दिल्याने त्याचा हक्क बुडत नाही, पण पुढे तो मागायला नवा अर्ज, नवा वकील आणि पुन्हा तारखा. ते वाक्य मसुद्यातून आत्ताच काढायला लावा.

रक्कम ठरवताना एका महिन्याचा खर्च धरू नका. फी, गणवेश, वह्या-पुस्तकं जूनच्या आसपास येतात आणि एकाच महिन्याचा हिशेब धरणारी आई तिथेच फसते. वर्षाचा सगळा खर्च, व्हॅन आणि डॉक्टरसकट, मांडा आणि 12 ने भागा. दरवर्षी किती वाढ, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, हे लिहून घ्या. नवऱ्याने कमाई कमी सांगितली तर पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिलंय. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलाच्या खर्चासाठी अंतरिम अर्ज करता येतो आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा असं कायदाच म्हणतो.

आता भेटींचं. इथे तुमचं चुकलंय. पैसे थकले तर त्यासाठी न्यायालयात अर्ज करायचा, मुलाचा बाप थकवायचा नाही. भेटी अडवल्याची नोंद झाली की ताब्याच्या वादात ती तुमच्याच विरुद्ध वाचली जाते. मारहाणीची किंवा मुलाला पळवून नेण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी. मग समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट मागा.

संमतीपत्रात 'वडिलांना योग्य वेळी भेटता येईल' एवढंच लिहिलेलं असतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं, कारण योग्य वेळ कोणती यावर दोघांचं कधीच जुळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: एका शनिवारआड सकाळी 10 ते रविवारी संध्याकाळी 6. सातारा-पुणे आणायचं कोणी, सोडायचं कोणी आणि कुठे. गणपती एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, वेळेसकट. मूल आजारी पडलं तर बुडालेली भेट कधी भरून द्यायची. शाळेचं प्रगतिपुस्तक दोघांनाही मिळेल, हेही. फारच बारीकसारीक वाटेल, पण दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा कागद बरा.

मुलाला पढवू नका. त्याची इच्छा विचारात घेतली जाते, पण निकाल तेवढ्यावर लागत नाही. मुलाचं हित सगळ्यांत वर, असं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 13 सांगतं. आठ वर्षांच्या तोंडी 'बाबांनी जबाबदारी झटकली' असं वाक्य आलं की ते कुणाचं हे न्यायाधीशांना लगेच कळतं. त्याहून वाईट म्हणजे आईला वाचवायचं ओझं पोरगं घरी घेऊन येतं. त्याला एवढंच सांगा: "ते तुझ्याशी गप्पा मारतील. जे वाटतं ते बोल, मी रागावणार नाही."

आणि येत्या शनिवारी भेट सुरू करा. सोबत त्याची गृहपाठाची वही द्या, नाहीतर सोमवारी शाळेत ओरडा त्यालाच बसायचा.