शिकलेल्या माणसांनाही उत्क्रांती पटायला जड का जातं?

तुमचे वडील इंजिनिअर, घरात वाचनाची सवय, आणि तरी विषय निघाला की ते एकच विचारतात: "माणूस माकडापासून झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?" एवढ्या हुशार माणसाला हे का पटत नाही, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं की वडिलांच्या कानावर जे पडलंय ते न पटण्यासारखंच आहे. आजच्या माकडापासून माणूस झाला असं उत्क्रांती सांगतच नाही. चुकीचा निरोप पोचलाय आणि ते त्या निरोपाशी भांडतायत.

मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर २२ वर्षं काम करते. हाच प्रश्न मला माझ्या मोठ्या मामांनी विचारला होता. मामा गिरणीत साचाखात्यात होते, १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. कणकवलीकडचं गाव, लालबागची खोली. त्यांच्याकडं त्यांच्या घराण्याची वंशावळ आहे, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शाईनं लिहिलेली. घडीवर कागद विरलाय, तिथं मागून चिकटपट्टी लावलीय. वर एकच नाव, मूळपुरुषाचं. त्याखाली तीन मुलगे, मग फांद्या, मग फांद्यांना फांद्या. नऊ पिढ्या.

"काय गो, आमचो मूळपुरुष काय माकड होतो?" मामा थट्टेनं बोलले नव्हते, त्यांना लागलं होतं. ज्या माणसाच्या नावानं ते पितृपक्षात पान वाढतात, त्याला कुणीतरी परकं पुस्तक माकड म्हणतंय असं त्यांना वाटत होतं. आपल्याकडं 'माकड' ही शिवी आहे, हे शिकवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तुमच्या वडिलांच्या हसण्यामागंही थोडं हे असेल, विचारून बघा.

मी त्यांचाच कागद पसरला. एका फांदीवर बोट ठेवून विचारलं, हे कुठं असतात? म्हणाले, ते गावाला राहिले, शेती करतात. आणि ही फांदी? ते आम्ही, मुंबईला आलो. मग म्हटलं, मामा, तुम्ही मुंबईला आलात म्हणून गावची भावकी नाहीशी झाली का? आणि गावचे लोक अजून मुंबईकर का झाले नाहीत, असं कुणी विचारतं का? माकड आपला आजोबा नव्हे, ते आपल्या भावकीतलं. त्यातल्या त्यात जवळचा चिंपांझी. त्याचा आणि आपला मूळपुरुष साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो ना आजचा चिंपांझी होता ना आजचा माणूस.

मामा बराच वेळ कागदाच्या वरच्या कडेकडं बघत होते. मग म्हणाले, ह्याच्याही वर कोणीतरी असणारच, आम्हाला नाव ठाऊक नाही एवढंच. त्या वाक्याला मी आजही मान देते. समान पूर्वजाची अख्खी कल्पना त्यात आहे.

आता शब्दांचं बघा, कारण माझ्या मते निम्मा घोळ शब्दांचा आहे. 'उत्क्रांती' म्हणजे उत् अधिक क्रांती, वर टाकलेलं पाऊल. त्यात मराठीत 'क्रांती' म्हटलं की एका झटक्यात उलथापालथ आठवते. खरी गोष्ट वर जाण्याची नाही आणि झटक्याचीही नाही. पण शब्दच जिना दाखवतो, आणि चार पायांवरून उठत उठत ताठ होणाऱ्या माणसांची ती रांगेची चित्रं त्यात भर घालतात. जिना म्हटला की खालच्या पायरीवरचा कधी चढणार हा प्रश्न आलाच. दुसरं, 'बळी तो कान पिळी'. नैसर्गिक निवड समजावताना कितीतरी जण हीच म्हण वापरतात. बळाचा इथं संबंध नाही, ज्याची पिल्लं जगून पुढं पिल्लं घालतात त्याचा वाण टिकतो. दांडगट लवकर मेला तर त्याचा वाण संपला. ही म्हण ऐकून सज्जन माणूस बिचकतो, की हे मानलं तर दयामाया सोडायची का? त्यामुळं जे मुळात सांगितलेलंच नाही तेही तो नाकारून बसतो.

एका बाबतीत मात्र मराठीनं चांगलं केलंय. "ती फक्त थिअरी आहे" असं लोक म्हणतात, कारण कॉलेजात थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. आपला शब्द आहे सिद्धांत. तपासून, ताडून, सिद्ध होऊन हाती आलेला निष्कर्ष. तोच वापरावा.

माझ्या टेबलावरचा शब्द म्हणजे 'सवय'. "जंतूंना औषधाची सवय झाली" असं पेशंट म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. आमच्याकडं लघवीच्या नमुन्यातले जंतू प्लेटवर पसरतात, वर अँटिबायोटिकच्या बारीक गोल डिस्क ठेवतात आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये जाते. सकाळी काढली की सगळीकडं जंतूंचा दुधी थर असतो आणि जिथं औषध लागू पडलं त्या डिस्कभोवती स्वच्छ गोल, त्याला आम्ही झोन म्हणतो. एका सकाळी अशीच प्लेट उजेडाकडं धरली, तर स्वच्छ झोनच्या आत टाचणीच्या डोक्याएवढे चार ठिपके होते. चार वसाहती. आजूबाजूचे असंख्य मेले आणि हे चार वाढले. त्यांना कसली सवय झाली नव्हती. बहुतेक औषध भेटायच्या आधीच, पेशी दुभंगताना जनुकात झालेल्या एखाद्या चुकीनं, त्यांच्या पूर्वज पेशीत फरक पडलेला होता. औषधानं बाकीच्यांना मारून त्यांना मोकळं रान दिलं. एकेक जंतू बदलत नाही, जंतूंची वस्ती बदलते. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली तर डार्विन समजला.

आपलं मन मात्र एकेकट्याचाच विचार करतं. जिराफानं मान ताणली म्हणून ती लांब झाली, हे लगेच पटतं. वस्तीत आधीच थोड्या लांब नि थोड्या आखूड माना होत्या, त्यातल्या कुणाची पिल्लं जास्त टिकली, असा हिशेब करायची आपल्याला सवयच नसते.

टीबीत हेच घडतं. सहा महिन्यांचा कोर्स, दोन महिन्यांत खोकला थांबतो, हजेरी बुडते म्हणून माणूस गोळ्या सोडतो. तोवर औषधाला दबणारे जंतू बरेच मेलेले असतात, चिवट राहतात, आणि खोकल्यातून तेच शेजारच्या खोलीत जातात. २०११च्या डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. उत्क्रांती कुणी पाहिली, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिवडीच्या टीबी रुग्णालयाच्या फाटकाशी तासभर उभं राहावं.

"कुणी पाहिलं?" हा मुद्दा घरापुरता नाही. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी लिहिलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याविरुद्ध निवेदन काढलं. मी म्हणेन, महाराष्ट्री प्राकृताची मराठी होतानाही कुणी पाहिलं नाही. एकाही आईची आणि तिच्या मुलाची भाषा वेगळी नव्हती. प्रत्येक पिढीला वाटलं आपण आजीसारखंच बोलतो. तरी १२९०ची ज्ञानेश्वरी आज शेजारी अर्थ दिलेला नसेल तर वाचताना आपण अडखळतो, आणि त्याआधीचं प्राकृत तर कळतच नाही. कुठल्या मंगळवारी प्राकृत संपलं, असं विचारण्यात अर्थ नाही.

काळाचा अंदाज न येणं हीही मोठी अडचण. मुंबईच्या लोकलचा विरार ते चर्चगेट हा ६० किलोमीटरचा प्रवास म्हणजे पृथ्वीचं ४५४ कोटी वर्षांचं वय धरा. जीव सुरू झाले ते नायगाव सोडून गाडी भाईंदरच्या खाडीपुलावर येते तिथं कुठंतरी. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, ज्याच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, तो काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे या हिशेबात चर्चगेटच्या अलीकडचं मरीन लाइन्स स्टेशन सोडल्यानंतरचा. आपली मानवजात शेवटच्या चार मीटरांत आली. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचा काळ एक सेंटीमीटर.

धर्माचं थोडक्यात सांगते. पाश्चात्त्य देशांत भांडण झालं ते बायबलवरून मोजलेल्या सहा हजार वर्षांच्या सृष्टीशी. आपल्याकडं ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्पच, ४३२ कोटी वर्षांचा, तेव्हा मोठ्या आकड्यांचं आपल्याला वावडं नाही. अडतं दुसरीकडं. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून नरजन्म मिळतो, ही शिकवण आपल्या हाडात आहे, आणि त्यात माणूस शेवटच्या पायरीवर उभा आहे. दशावतारात उत्क्रांतीच आहे असं म्हणणारेही भेटतात, आणि १९६१मध्ये भारताचे नागरिक झालेल्या जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही त्या क्रमात साम्य दिसलं होतं. मला ते साम्य सुंदर वाटतं, पण मुलांना समजावताना मी ते वापरत नाही, कारण त्यातून पुन्हा जिनाच मनात बसतो.

आणि जड जाणं हा अडाणीपणा नव्हे. वरळीच्या टेकडीतल्या थरांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेन यांनी, 'डायनोसॉर' हा शब्द दिला तेच. हाडं वाचण्यात त्यांचा हात धरणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं. १८५९मध्ये डार्विनचं पुस्तक आलं तेव्हा त्याच ओवेननी त्याला कडाडून विरोध केला.

शाळेबद्दल मला राग आहे. २०२३मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, पण माझ्या भाचीनं तो 'अवशेषांगे, जोडणारे दुवे' असा यादीसारखा पाठ केला आणि मार्क घेतले. अक्कलदाढ हेही असंच एक अवशेषांग, आता फारसं कामाचं न उरलेलं, पण ती का दुखते हे तिला कुणी त्या धड्यातून सांगितलं नाही.

मामांना पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. जंतूंचं त्यांनी मानलं, पत्नीला टीबी झाला होता तेव्हा गोळ्या मोजून दिल्या होत्या त्यांनी. माणसाच्या बाबतीत "असात", म्हणजे असेल, एवढं म्हणून थांबले. पण गेल्या गणपतीत आरती झाल्यावर त्यांनी स्वतःहून विषय काढला. भावकी कितीही लांब गेली तरी माणूसच राहते ना, मग माकडांची नि आपली जातच वेगळी कशी पडली?

हा खरा प्रश्न होता. मी मराठी आणि बंगालीवरून सुरुवात केली. एकाच जुन्या बोलीची लेकरं, वेगळ्या मुलखांत राहिली, प्रत्येकीत आपापले बारीक बदल साठत गेले आणि आता एकीचं दुसरीला कळत नाही. प्राण्यांचंही असंच, मध्ये डोंगर, नदी, नाहीतर तुटलेलं जंगल आलं की दोन वस्त्यांची सोयरीक थांबते, आणि पुरेशा पिढ्या गेल्या की परत भेटूनही पिल्लं होत नाहीत. मामांनी विचारलं, किती पिढ्या? मी म्हटलं, त्याला ठरलेला आकडा नाही, पण तुमच्या नऊ पिढ्यांनी काहीच होत नाही, हजारो लागतात. मग ते आत गेले आणि कॅलेंडरचा कागद घेऊन आले.