वाचक विचारतात : एक दिवसही तुरुंगात नाही, तरी देशाबाहेर?

प्रश्न : माझे यजमान १९९६ मध्ये एच-१ व्हिसावर न्यू जर्सीत आले. २००२ मध्ये इथेच राहून ग्रीन कार्ड मिळालं. २०१० मध्ये त्यांनी नोकरीच्या ठिकाणी पुरवठादारांच्या नावाने खोटी बिलं लावली. मी त्याचं समर्थन करत नाही. २०११ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. तीन वर्षं प्रोबेशन आणि १३,६०० डॉलर भरपाई झाली, तीही सगळी भरली. कोर्टात कबुलीच्या वेळी मात्र तीन-चारच बिलांचा उल्लेख झाला, असं त्यांना आठवतं. तुरुंगात एक दिवसही गेले नाहीत. तेव्हाचे वकील म्हणाले होते, 'इतकी वर्षं इथे आहात, काही होत नाही.' या वर्षी सासूबाई गेल्या म्हणून सांगलीला जाऊन आले, तर परतताना नेवार्क विमानतळावर ग्रीन कार्ड काढून घेतलं. आता इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली आहे. मी २०१५ पासून अमेरिकन नागरिक आहे, दोन्ही मुली इथेच जन्मल्या. जवळजवळ तीस वर्षांचं आयुष्य कोर्ट बघणारच नाही का?

उत्तर : बघेल ताई, पण सगळ्यात शेवटी. आधी कागद बघेल, आणि तुमचं बरंचसं तिथेच ठरेल. माझ्याकडे येणारी आपली माणसं टॅक्सचे कागद, मंडळाची प्रशस्तिपत्रं, मुलींची मार्कशीट अशी जाड फाइल घेऊन येतात आणि २०११च्या कोर्टाचा एक कागद मागितला की एकमेकांकडे बघतात. तुम्ही उलटं करा. आज ज्या काउंटीत खटला झाला तिथल्या कोर्टातून चार गोष्टी मागवा : आरोपपत्र, सही केलेला प्ली फॉर्म (म्हणजे गुन्हा कबूल केल्याचा फॉर्म), शिक्षेचा हुकूम आणि कबुलीच्या दिवसाच्या सुनावणीचं शब्दशः टिपण, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात उशिरा मिळतो.

का, ते सांगते. इथल्या कायद्यात 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' नावाचा, म्हणजे 'अधिक गंभीर गुन्ह्यांचा', एक वर्ग आहे. १९८८ मध्ये तो आणला तेव्हा त्यात खून, अमली पदार्थांचा आणि शस्त्रांचा व्यापार एवढंच होतं. पुढे काँग्रेस, म्हणजे इथली संसद, त्यात भर घालत गेली आणि १९९६च्या दोन कायद्यांनी तर तो इतका फुगवला, की आज त्यात येणारा गुन्हा गंभीर असलाच पाहिजे असं नाही आणि फेलनी, म्हणजे मोठा फौजदारी गुन्हा, असलाच पाहिजे असंही नाही. फसवणुकीचा गुन्हा असेल आणि समोरच्याचं नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर तो या वर्गात जातो. मग तुरुंगवास शून्य दिवसांचा असला तरी फरक पडत नाही. तुमच्या यजमानांची भरपाई १३,६०० आहे. सरकारी वकील पहिल्याच तारखेला या आकड्यावर बोट ठेवेल.

इथे आपल्याच एका माणसाचा खटला आडवा येतो. मनोज निझावन १९८५ मध्ये भारतातून आलेले. २००२ मध्ये ज्यूरीने त्यांना बँकांच्या फसवणुकीच्या कटात दोषी ठरवलं. त्यांचं म्हणणं होतं, की मी ज्या कलमांखाली दोषी ठरलो त्यांत नुकसानीचा आकडा हा घटकच नाही, ज्यूरीने तो ठरवलेला नाही, मग इमिग्रेशन कोर्ट तो कुठून आणतं? २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला : आकडा त्या प्रकरणाच्या प्रत्यक्ष परिस्थितीवरून काढता येतो, शिक्षेच्या वेळचे कागद आणि भरपाईचा हुकूम बघता येतो. निझावन यांनी शिक्षेपुरतं नुकसान दहा कोटी डॉलरहून जास्त असल्याचं स्वतःच मान्य केलेलं होतं, त्यामुळे त्यांना फारशी जागा उरली नाही. पण त्याच निकालात एक गोष्ट आहे जी तुमच्या कामाची आहे : नुकसान हे ज्या आरोपात दोष सिद्ध झाला त्याच आरोपाशी बांधलेलं असलं पाहिजे. आरोपपत्रातली बिलं आठ, कबुली तीन-चारांची आणि भरपाई मात्र सगळ्यांची, असं झालं असेल तर १३,६०० हा आकडा आपोआप लागू होत नाही. त्या तीन-चार बिलांची बेरीज ८,००० निघाली तर तुमचा सगळा खटला बदलतो. म्हणून ट्रान्स्क्रिप्ट. 'ह्यांना आठवतं' यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि कागद अर्धवट असला तर संशयाचा फायदा तुम्हालाच मिळेल असंही धरू नका. सवलत मागणाऱ्यावर पुराव्याचा भार असतो, तो कागदाच्या संदिग्धतेने हलका होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१च्या पेरेडा खटल्यात बजावलं आहे.

बेरीज दहा हजारांच्या आत राहिली, तर ग्रीन कार्डधारकांसाठी 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल' नावाची, म्हणजे हद्दपारी रद्द करण्याची सवलत मागता येते. ग्रीन कार्ड किमान पाच वर्षं जुनं हवं, आणि रीतसर प्रवेशानंतर सलग सात वर्षं वास्तव्य हवं. ही सात वर्षं गुन्ह्याच्या तारखेला थांबतात. २०२०च्या बार्टन खटल्यात जमैकाहून आलेला एक माणूस या घड्याळापायी काही महिन्यांनी हुकला. तुमचं १९९६ ते २०१०, तेव्हा ती काळजी नाही. आणि तुमची ती जाड फाइल इथे उघडायची. टॅक्स, मुली, भरलेली भरपाई, त्यानंतर एकही तक्रार नाही, हे सगळं न्यायाधीश तराजूत घालतो. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी ठरली तर हे दार मुळात उघडतच नाही.

पण आणखी एक दार आहे आणि ते पुष्कळ वकिलांच्या लक्षात येत नाही. तुम्ही लिहिलंत, ग्रीन कार्ड 'इथेच राहून' मिळालं. म्हणजे तुमचे यजमान मुंबईच्या कौन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा घेऊन आत आले नाहीत, एच-१ वर असताना त्यांचा दर्जा बदलला गेला. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(एच)खाली एक माफी आहे : पती-पत्नी किंवा मुलं अमेरिकन असतील आणि त्यांना 'पराकोटीचा त्रास' होणार असेल तर फसवणुकीसारख्या नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यापायी लागलेली प्रवेशबंदी उठवता येते. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनीवाल्या ग्रीन कार्डधारकांना ही माफी नाही, असं कायदा म्हणतो; पण शब्दरचना अशी आहे की ही आडकाठी बाहेरून ग्रीन कार्डधारक म्हणूनच प्रवेश केलेल्यांना लागते. फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाने, आणि न्यू जर्सी त्याच्याच हद्दीत येतं, २०१२च्या हनिफ खटल्यात हाच अर्थ लावला. २०१५ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळानेही तो देशभरासाठी मान्य केला. एच-१ वरून ग्रीन कार्ड घेतलेल्या आपल्या हजारो माणसांना या एका शब्दरचनेचा आधार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याची वार्ता नाही. त्रासाचा पुरावा मात्र डॉक्टर, शाळा, घराचं कर्ज अशा ठोस कागदांनी द्यावा लागतो. 'आम्ही त्यांच्याशिवाय राहू शकत नाही' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं.

आता वकिलांच्या त्या वाक्याबद्दल. ते वाचून मला हसूही आलं आणि रागही, कारण जवळजवळ तेच वाक्य सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. होसे पडिला होंडुरासचे, चाळीस वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डवर, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. केंटकीत त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं राहिलात, इमिग्रेशनची चिंता नको. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. ३१ मार्च २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की परक्या नागरिकाला कबुलीचे हद्दपारीचे परिणाम सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. या तारखेआधी अंतिम झालेल्या खटल्यांना हा नियम लागू नाही, असं २०१३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं. तुमची कबुली २०११ची, म्हणजे तुम्ही रेषेच्या योग्य बाजूला आहात.

पण फार आशा बांधू नका. वकिलाने चुकीचा सल्ला दिला म्हणून कबुली रद्द करा, असा अर्ज करायला न्यू जर्सीत शिक्षेनंतर पाच वर्षांची मुदत आहे. ती उलटल्यावर उशिराचं सबळ कारण लागतं, आणि 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे कारण सहसा पुरत नाही. शिवाय इथल्या प्ली फॉर्मवर सतरावा प्रश्न नेमका इमिग्रेशनचाच असतो. त्याच्यापुढे यजमानांनी 'समजलं' असं लिहिलेलं असणार, सरकारी वकील तेच दाखवेल. तरी २०१७च्या ली खटल्याने एक गोष्ट सोपी केली आहे. मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवणारे, तेराव्या वर्षी कोरियाहून आलेले जे ली. खटला लढवून सुटण्याची शक्यता नसल्यासारखीच होती, तरी हद्दपारी होणार हे कळलं असतं तर मी लढलोच असतो, असं त्यांचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं. कारण त्यांनी वकिलाला त्याच वेळी हद्दपारीबद्दल वारंवार विचारल्याचा पुरावा होता. तुमच्याकडे २०११चा त्या वकिलाशी झालेला एखादा ईमेल आहे का? जुना लॅपटॉप माळ्यावर असेल तर आधी तो शोधा. आणि अर्ज करायचाच तर कबुलीतल्या कायदेशीर दोषावर करा. इमिग्रेशनसाठी दया म्हणून शिक्षा रद्द करून घेतली तर इमिग्रेशन कोर्ट ती मोजत नाही. रेकॉर्ड पुसून घेण्याचा, म्हणजे एक्सपंजमेंटचा तर काहीच उपयोग नाही, त्यावर पैसे घालवू नका.

विमानतळावरच का अडवलं, हेही सांगायला हवं. फसवणूक हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा. असा एकच गुन्हा प्रवेशानंतर पाच वर्षांनी घडला असेल, तर देशात बसलेल्या माणसाला तेवढ्यावरून हद्दपार करता येत नाही. पण तोच माणूस बाहेर जाऊन परत आला की कायदा त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजतो, आणि दारावर पाच वर्षांचा हिशोब नसतो. आईच्या कार्याला जाऊ नका असं कोण सांगणार. पण जुना खटला असलेल्या प्रत्येकाने तिकीट काढण्याआधी वकिलाला एक फोन करावा.

वकील फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणारा घ्या, आणि तोच घ्या जो सगळ्या मुदतींचं कॅलेंडर दाखवेल. कायद्याचे मुद्दे नेवार्कच्या पहिल्या सुनावण्यांतच नोंदवावे लागतात. पुढे अपील मंडळ, आणि त्याच्या हुकुमानंतर तीस दिवसांत फिलाडेल्फिया. २००५ पासून अशा गुन्ह्यांच्या प्रकरणांत तिथे फक्त कायद्याचा आणि घटनेचा प्रश्न नेता येतो, माणूस किती चांगला आहे हे नाही.

प्रश्न : तुमचं सदर आवडीने वाचतो, पण खरं सांगा, गुन्हा केलेल्या परदेशी माणसाला परत पाठवलं तर चुकलं काय? (पुण्याहून)

उत्तर : काही वेळा काहीच चुकत नाही. माझ्यापुढे अशी माणसं आली आहेत ज्यांच्यासाठी मी उभी राहिले नाही. माझी तक्रार वेगळी आहे. १८९३ मध्ये, चिनी मजुरांच्या एका खटल्यात, इथल्या सुप्रीम कोर्टाने हद्दपारी ही शिक्षा नव्हेच असं ठरवलं. तिथून सगळं सुरू झालं. शिक्षा नाही म्हणून ज्यूरी नाही. शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. मागच्या तारखेने कायदा बदलला तरी चालतं, हेही १९५२ मध्ये मान्य झालं. न्यायाधीश न्याय खात्याचाच नोकर. घरफोडीच्या आरोपीला जे मिळतं ते, वयाच्या तिसऱ्या वर्षी इथे आलेल्या, आता पन्नाशीत असलेल्या आणि तुरुंगवास भोगून झालेल्या माणसाला मिळत नाही. जमैकाहून तिसऱ्या वर्षी आलेल्या एड्रियन मॉन्क्रीफ यांच्यावर १.३ ग्रॅम गांजापायी 'अमली पदार्थांचा व्यापारी' असा शिक्का बसला होता. तो पुसायला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. अशी माणसं कोर्टात जातात ती गुन्हा नाकारायला नव्हे, शिक्का बरोबर बसलाय का ते विचारायला. पुष्कळदा तो चुकीचा निघतो.

प्रश्न : न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो, एकदाच. ग्रीन कार्ड जाईल का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. न्यू जर्सीत हा वाहतुकीचा गुन्हा आहे, फौजदारी नाही. आणि दारू पिऊन गाडी चालवणं हा हद्दपारी ओढवणारा 'हिंसेचा गुन्हा' ठरत नाही, हे २००४ मध्ये लिओकाल खटल्यात एकमताने ठरलं. गाडीत दुसरं काही सापडलं होतं का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. सापडलं असेल तर हे उत्तर विसरा आणि वकील गाठा. नागरिकत्वाच्या अर्जात अटक लपवू नका.

प्रश्न : मुलगा सहाव्या वर्षी आमच्याबरोबर ग्रीन कार्डवर आला. आता चोवीस वर्षांचा आहे. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल शिक्षा झाली आणि इमिग्रेशनची नोटीस आली. तो पंधरा वर्षांचा असताना मी नागरिक झालो, त्याचा अर्ज करायचा राहून गेला.

उत्तर : अर्ज करायचा नव्हताच, दादा. २७ फेब्रुवारी २००१ पासून कायदा असा आहे, की अठराच्या आतलं मूल ग्रीन कार्डवर असेल, इथे आई किंवा वडिलांच्या ताब्यात राहत असेल आणि ते आई किंवा वडील नागरिक झाले, तर मूल त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं. तुमचा मुलगा तेव्हा तुमच्याच घरी राहत असेल तर गेली नऊ वर्षं तो अमेरिकन आहे आणि नागरिकाला हद्दपार करता येत नाही. तुमचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, त्याचा जन्मदाखला, त्याचं ग्रीन कार्ड आणि त्या वर्षीचे शाळेचे कागद एकत्र करा, त्याच्या पासपोर्टचा अर्ज लगेच भरा, आणि वकिलाला हेच सगळं कोर्टात दाखल करायला सांगा. घटस्फोट झालेला असेल तर ताब्याचा हुकूमही लागेल. नोटिशीवरच्या तारखेला त्याने हजर राहायलाच हवं. गैरहजर राहिला तर न्यायाधीश त्याच दिवशी हद्दपारीचा हुकूम काढू शकतो, आणि मग नागरिकाला स्वतःवरचा हुकूम रद्द करून घ्यायला वणवण करावी लागते.