विचारा, सांगतो : मॉन्ट्रियलचं ९४०, नागपूरचं ५८५

(रेडिओ, मोटार, मीटर, लाईट यांबद्दल विचारा. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे आमचे काका उत्तर देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. माझी भाची लग्न होऊन कॅनडात मॉन्ट्रियलला राहते. तिथे फ्रेंच बोलणारे जास्त, पण इंग्रजीवालेही काही कमी नाहीत. ती म्हणते, तिथे एएमवर (म्हणजे मीडियम वेव्हवर) नवी स्टेशनं निघाली, एक फ्रेंच अन् एक इंग्रजी. आपल्याकडे एएम म्हणजे म्हाताऱ्यांचं काम झालं. मग ते लोक काहून उघडतात? आणि आपल्या भागात मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा बोलणारे इतके असताना आपल्याला असं स्टेशन काढता येईल का?
– एक शिक्षक, घाटंजी तालुका

उत्तर : गुरुजी, भाची सांगते ते खरं, पण तिने मधली गोष्ट गाळली.

मॉन्ट्रियलमध्ये ६९० आणि ९४० किलोहर्ट्झ या दोन जागा पूर्वी तिथल्या सरकारी रेडिओकडे होत्या. ६९० वर फ्रेंच, ९४० वर इंग्रजी. सरकारी रेडिओ एफएमवर गेला आणि १९९९ मध्ये दोन्ही जागांवर खासगी बातम्यांची स्टेशनं आली, भाषांची वाटणी तीच. इंग्रजीवाल्यांनी पुढे बातम्या सोडून जुनी गाणी लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. जानेवारी २०१० मध्ये दोन्ही स्टेशनं एकाच दिवशी बंद पडली.

मग तीन भागीदारांची एक कंपनी पुढे आली : टिटोलमन, टेट्रो आणि पांचोली. (तिसरं आडनाव वाचून तुम्ही थबकला असाल. मीही थबकलो.) २०११ मध्ये त्यांना ९४० वर फ्रेंच चर्चा-बातम्यांचा परवाना मिळाला, पुढच्या वर्षी ६०० वर इंग्रजीचा. आवाज यायला मात्र ९४० वर २०१६ उजाडलं आणि ६०० वर २०१७. मधली वर्षं मुदतवाढ मागण्यात गेली. कागद हातात आला म्हणजे स्टेशन झालं असं नसतं, हे आपल्याकडे विहिरीचं अनुदान मंजूर झालेल्या कोणालाही विचारा.

आता ‘काहून’चं उत्तर. शहरात एफएमची पट्टी गच्च भरलेली आणि एएमवर चांगल्या जागा रिकाम्या. त्यातही आकडा जितका खालचा, तितकी लहर जमिनीला धरून लांब जाते. म्हणून तिथलं ९९० वरचं खेळांचं स्टेशन २०१२ मध्ये रिकाम्या ६९० वर येऊन बसलं. आपलं नागपूर ५८५ वर आहे, म्हणजे पट्टीच्या अगदी खालच्या टोकाशी. ओल धरणारी काळी जमीन ही लहर मुरमापेक्षा बरी वाहून नेते, हा आपला आणखी एक फायदा.

भाषेचं म्हणाल तर तिथे दोन भाषांना दोन वेगळी स्टेशनं लागतात, कारण भाषा बदलली की ऐकणारा बटण फिरवतो आणि जाहिरातदार त्याच्या मागे जातो. नागपूरचं स्टेशन १९४८ मध्ये सुरू झालं तेव्हा नागपूर मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होती, आणि दोन्ही भाषा एकाच माईकवरून बोलल्या गेल्या. आमच्या घरी वडील मराठी शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, आई हिंदी गाण्यांना आवाज वाढवायची, भांडण नाही. अर्थात दुसरं स्टेशन होतंच कुठे जायला!

तुमचा दुसरा प्रश्न. आपल्या देशात खासगी माणसाला एएम मिळत नाही, ते आकाशवाणीकडेच. खासगी कंपन्यांना फक्त एफएम. आणि मिळालं असतं तरी मी तुम्हाला नको म्हणालो असतो. मॉन्ट्रियलचं ते ९४० वालं स्टेशन ५० किलोवॅटचं. पाच एचपीच्या तेरा मोटारी दिवसरात्र चालवल्या तर जेवढी वीज, तेवढी तर नुसती हवेत सोडायची. मशीन खाईल ती वेगळी. बिल कोण भरणार?

तुम्हाला हवं आहे ते सामुदायिक रेडिओ. २००२ मध्ये हे फक्त शिक्षणसंस्थांना होतं, २००६ पासून कृषी विज्ञान केंद्रं आणि किमान तीन वर्षं नोंदणी असलेल्या सेवाभावी संस्थांनाही अर्ज करता येतो. हे एफएमवर असतं, ताकद १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत. सपाट भागात दहा-पंधरा किलोमीटर धरा, टेकड्या आल्या की कमी. नियमच असा आहे की किमान अर्धा कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेला हवा, शक्यतो तिथल्याच बोलीत. कोलामीला यापेक्षा मोठी जागा दुसरीकडे कोण देणार? स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. पण हवामान, परीक्षा-निकाल, यात्रा-जत्रा, लाईट-पाण्याच्या सूचना, हे सगळं चालतं. गावात नवी संस्था काढून तीन वर्षं थांबण्यापेक्षा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसा. तिथे इमारत असते, माणसं असतात. दुपारी जेवणाच्या सुटीआधी जा.

प्रश्न : भाऊ, हरभऱ्यात डुकरं घुसतात म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन बसवली. तेव्हापासून जागलीवर रेडिओ लावला की गाण्यात सारखं टक्… टक्… टक्. सेल नवे टाकले, तरी तेच. रेडिओ बिघडला का?
– एक शेतकरी ताई, कारंजा (घाडगे) तालुका

उत्तर : ताई, रेडिओ चांगला आहे. कुंपणाच्या तारेतून वीज गळते आहे. झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. तारेला ओलं गवत टेकलं, चिमणी (ते प्लॅस्टिकचं इन्सुलेटर) तडकली किंवा जोड सैल असला, की प्रत्येक ठोक्याला तिथे बारीक ठिणगी पडते. एएम रेडिओ लहरीची उंची ऐकतो, म्हणून ठिणगीही ऐकू येते. एफएमला ती सहसा कळत नाही.

आता या टकटकीचाच उपयोग करा. मशीन चालू ठेवून, रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागेवर लावा आणि तारेपासून चार हात लांबून धुऱ्याने चालत जा. टकटक जिथे सगळ्यात जोरात, तिथेच गळती. मशीन बंद करा, मगच हात लावा. गवत कापा, जोड पिळून घट्ट करा, मशीनची अर्थिंगची सळई कोरड्या जागी असेल तर ओलीत हलवा. झटकाही वाढेल, डुकरंही मागे सरतील. तोपर्यंत रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आत काळी कांडी असते (तोच एएमचा एरियल), तिचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की टकटक बरीच बसते.

आणि मशीन महाग पडते म्हणून कोणी खांबावरून सरळ २३० व्होल्ट तारेत सोडायला सांगितलं तर त्याला धुऱ्यावरूनच परत पाठवा. त्यात डुकरापेक्षा माणसं जास्त जातात, आणि मग तुरुंग.

प्रश्न : दिवसा नागपूर साफ येतं, रात्री मधेच भलतीच भाषा घुसते. असं का?
– नववीची विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर : दिवसा उन्हामुळे आकाशात वर एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी (एएमच्या) शोषून घेतो. म्हणून फक्त जमिनीला धरून येणारं स्टेशन ऐकू येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात आणि तुझ्या नागपूरमध्ये मिसळतात. नागपूरहूनच १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅटची राष्ट्रीय वाहिनी रात्री याच भरवशावर देशभर ऐकू जायची. १९८८ ला सुरू झाली, २०१९ ला बंद केली. वहीत आकडा आणि भाषा लिहून ठेव. हिवाळ्यातल्या लांब रात्री जास्त सापडतील. आईला सांग, अभ्यासच चालू आहे.